मोतीबिंदू आणि दोनशे चौदा कोटींची मूळ संख्या

दोन हा अंक एकतीस वेळा घेऊन गुणाकार केला आणि त्यातून 1 वजा केला, की 2,14,74,83,647 ही संख्या मिळते. 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. 1772 मध्ये हे सिद्ध झाले. सिद्ध करणारे लिओनार्ड ऑयलर तेव्हा पासष्टीला टेकले होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती.

ऑयलर यांचा जन्म 1707 चा, स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातला. विशीतच ते रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले. 1735 मध्ये जिवावरच्या तापातून ते वाचले. पुढे तीनेक वर्षांत उजवा डोळा निकामी झाला. नकाशांच्या बारीक कामाने डोळा गेला, असे ते स्वतः मानत. जंतुसंसर्गाची शक्यता मात्र अधिक वाटते, कारण बारीक कामाने डोळे थकतात, आंधळे होत नाहीत.

बर्लिनमध्ये 25 वर्षे काढून 1766 मध्ये ते रशियात परतले, तेव्हा डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. 1771 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना दिसूही लागले. पण थोड्याच दिवसांत डोळ्यात संसर्ग झाला आणि आलेली दृष्टी गेली. भूल, निर्जंतुक हत्यारे, प्रतिजैविके यांतले काहीच तेव्हा नव्हते.

त्यानंतरच्याच वर्षी ही संख्या हाती लागली. सतराव्या शतकात फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी ती मूळ असल्याचे म्हटले होते, पण सिद्धता दिली नव्हती. सरळ मार्गाने जायचे तर 46,340 पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने, म्हणजे पावणेपाच हजारांहून अधिक वेळा, भागून पाहावे लागते. ऑयलर यांनी दाखवले, की हिला भाजक असलाच तर त्याला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरेल. त्यामुळे पावणेचारशेपेक्षा कमी भागाकार पुरेसे ठरले. भाग कशानेच गेला नाही.

दृष्टी गेल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. लांबलचक आकडेमोड ते मनात करत. मुलगे आणि शिष्य उतरवून घेत. त्यांच्या एकूण लेखनापैकी जवळपास निम्मे या शेवटच्या पर्वातले आहे. 18 सप्टेंबर 1783 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

आज अनेक संगणकांत 32 बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच संख्या असते. आणि ज्या मोतीबिंदूने ऑयलर यांना अंधारात लोटले, त्याची शस्त्रक्रिया आता थोड्या वेळात होते, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. संसर्ग क्वचित होतो, पण होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सांगितलेले थेंब चुकवू नयेत, डोळा चोळू नये. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अंधूक झाली, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.