पंडिता रमाबाईंची साक्ष

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या बैठकीत, जवळच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस तरी स्त्री-डॉक्टर असावी, असा अर्ज करण्याचा विषय निघाला होता. आपले कोण ऐकणार, असे मागच्या सतरंजीवरून कोणीतरी म्हणाले. सगळ्या हसल्या आणि अर्ज राहून गेला. मीही हसले होते. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावयास सांगितले, तेव्हा त्या हसण्यामुळेच मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या या आईजवळ. पुढे दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश हिंडले. १८७८ साली कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. मांडीवर मनोरमा, वर्षाचीही नव्हती.

लेकीला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या मंडळांची ही आजीच म्हणावयाची. त्याच सप्टेंबरात विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुण्यात आला आणि त्याच्यापुढे रमाबाईंची साक्ष झाली. वय चोवीस, पतीला जाऊन सात महिने झालेले. हातात ना पद, ना अधिकार. इंग्रजी तर त्या तेव्हा कुठे शिकू लागल्या होत्या. साक्ष त्यांनी मराठीतच दिली.

आयोगाचा पहिला प्रश्न असा होता, की या विषयावर बोलण्याचा तुमचा आधार काय? (मागच्या सतरंजीवरचा प्रश्न तो हाच!) रमाबाईंनी वडिलांची हकीकत सांगितली. स्त्रीशिक्षणासाठी ज्याने सोसले त्याची मी मुलगी, तेव्हा हे काम जन्मभर चालविणे माझे कर्तव्यच आहे, असे त्यांच्या उत्तराचे तात्पर्य होते.

मग त्यांनी मागण्या मांडल्या. मुलींच्या शाळांना शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या शिक्षिका हव्यात. त्या तयार होतील तेथे राहण्याची सोय हवी, आणि देखरेखीला आपल्याकडचीच प्रतिष्ठित बाई हवी. शिक्षिकांना पगार पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक असावा. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले! मुलींच्या शाळा तपासावयास स्त्री-तपासनीस असाव्यात, कारण पुरुष अधिकाऱ्यापुढे बायका मोकळेपणी बोलत नाहीत, आणि तो मात्र त्यांची बारीकशी चूक राईचा पर्वत करून दाखवितो. शिकलेले पुरुषदेखील बहुतांशी स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. शेवटची मागणी वैद्यकशाळांची होती. आपल्या बायका पुरुष वैद्याला दुखणे सांगत नाहीत, न सांगताच मरतात. तेव्हा स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण खुले करावे.

हंटरसाहेबांनी ही साक्ष भाषांतर करवून वेगळी छापविली. १८८५ साली स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून डफरिन फंड निघाला. त्याचे सारे श्रेय काहीजण रमाबाईंना देतात. ते मला पटत नाही, इतरांनीही त्यासाठी खटपट केली होती. पण पुण्यातली ती मराठी साक्ष त्या ओझ्याला लागलेल्या हातांपैकी एक होती, एवढे खरे.

१८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकावयास विलायतेस गेल्या, पण कानांनी दगा दिला; ऐकू कमी येई. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. मी त्यात पडत नाही. सरकारकडे मागितले ते जमेल तितके त्यांनी स्वतःच करून दाखविले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. तेथे शिकलेल्या बालविधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील इस्पितळात बायकांची काय दैना होते हे त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले, तेव्हा सरकारने त्यांनाच खोटे ठरविले.

१९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाई गेल्या. त्यांचे मुक्ती सदन तेथे आजही चालू आहे.

दवाखान्याचा तो अर्ज मी पुन्हा लिहून काढला आहे. येत्या बैठकीत सह्यांसाठी ठेवीन. येताना आपापले पेन आणावे.