एक वाटा लोकांचा

गणेशोत्सव आला की आरती, व्याख्यान, नाटक, गाणे आणि वर्गणी यांची लगबग सुरू होते. चार माणसांनी एकत्र यावे, करमणूक करावी, वादही घालावा आणि एखादे काम अंगावर घ्यावे, ही सवय आम्हा बडोदेकरांना लागली त्याचे बरेचसे श्रेय श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांना जाते. त्यांचे चरित्र या एका बाजूने पाहावे असे आम्हाला वाटले.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केल्यानंतर खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले. बाराव्या वर्षी त्यांचे शिक्षण मुळाक्षरांपासून सुरू झाले. इलियटसाहेब हे त्यांचे शिक्षक आणि सर टी. माधवराव हे राज्याचे दिवाण. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी कारभार हाती घेतला.

उशिरा शिकलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. शिकलेला माणूस वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून १९१० मध्ये बोर्डेन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आणले. गावोगावी वाचनालये निघाली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. यातील खरी गोम पैशाच्या नियमात होती. गावाने ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची. म्हणजे तिसरा वाटा लोकांचा, आणि तो आधी! ज्यात आपला पैसा आहे ते वाचनालय गाव आपले मानून सांभाळते, हे महाराजांनी ओळखले होते.

गाण्याच्या बाबतीतही तेच. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीतशाळा निघाली आणि दरबारातले गाणे सर्वसामान्यांच्या मुलांपर्यंत आले. १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती बडोद्यातच. गवई आणि शास्त्रकार एका मांडवात बसून चर्चा करू लागले. मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये आपल्या शहरात झाले. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी भूषविले.

पण एकत्र यायचे ते कोणी, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. अस्पृश्य मुलांसाठी महाराजांनी शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकवायला हिंदू शिक्षक मिळेनात. १९१३ मध्ये त्यांनी भीमराव आंबेडकर यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यात आले. दरबारने नोकरी दिली, शहराने मात्र राहायला खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले आणि ते सयाजीबागेत येऊन बसले. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. पुढच्याच वर्षी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरविलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत महाराज अध्यक्ष म्हणून बसले. सरकारी वाटा त्यांनी पुरा दिला होता. कमी पडला तो लोकांचा वाटा, म्हणजे आपल्याच पूर्वजांचा. हे आपण बडोदेकरांनी विसरू नये.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या कितीतरी संस्था आजही चालू आहेत. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर आम्ही एवढे सांगू शकतो की आदेशाने इमारत उभी राहते, पण तिच्यात माणसे आणणे आदेशाला जमत नाही. आपल्या मंडळात ऑर्केस्ट्राला गर्दी होते आणि व्याख्यानाला पुढच्या दोन रांगा भरतात. मुले गुजराती, इंग्रजी सफाईने वाचतात, मराठी पुस्तकाचे कपाट मात्र कुलपात राहते. वर्गणीची पावती फाडली म्हणजे आपला वाटा संपला असे नाही. यंदा प्रत्येक घराने एका मुलाला कपाटापर्यंत आणावे आणि आजवर मांडवात न आलेल्या एका शेजाऱ्याला आरतीला बोलवावे. लोकांचा वाटा तो हाच.

गणपती बाप्पा मोरया!