अॅलन ट्युरिंग : एक बी. ए.

संगणकशास्त्राच्या पदवीसाठी आज प्रवेशाच्या वेळी झुंबड उडते. ज्याने या शास्त्राचा पाया घातला, त्या अॅलन ट्युरिंगच्या विद्यार्थिदशेत मात्र अशी पदवी जगात कोठेच नव्हती. तो शिकला गणित. आणि केंब्रिजच्या प्रथेप्रमाणे गणितातही त्याला पदवी मिळाली ती बी. ए.ची. कला शाखेच्या वाचकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे!

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आय. सी. एस. अधिकारी, तर आई तिकडच्याच रेल्वेतील एका बड्या इंजिनिअरची मुलगी. नोकरीपायी आईवडील हिंदुस्थानात आणि दोन्ही मुले इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी, असे त्याचे बालपण गेले. शेरबर्नच्या शाळेत त्याचे अक्षर गचाळ, वह्या डागाळलेल्या, आणि शिक्षक बहुधा नाराज.

तेथे त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा मित्र भेटला. ख्रिस्तोफर एक वर्ष पुढे होता, नीटनेटका होता, आणि विज्ञानाचे वेड दोघांनाही सारखेच होते. डिसेंबर १९२९ मध्ये दोघे केंब्रिजच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसले. ख्रिस्तोफरला ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, अॅलनला नाही. पुढे दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३० मध्ये, ख्रिस्तोफर क्षयाने गेला. मित्राच्या हातून जे कार्य व्हायचे होते ते आता आपण पुरे करायचे, असे त्या सतरा वर्षांच्या मुलाने मनाशी ठरवले. वर्षअखेरीस त्याने किंग्ज कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९३१ च्या ऑक्टोबरात तो केंब्रिजला दाखल झाला.

१९३२ साली पहिल्या परीक्षेत त्याला दुसरा वर्ग मिळाला. आपल्याकडे एवढ्यावरून घरात सुतक पाळले गेले असते. त्याने नाव वल्हवण्याचा सराव चालू ठेवला आणि अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन वाढवले. १९३३ मध्ये एडिंग्टन यांची व्याख्याने ऐकताना एक प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. निरनिराळी मोजमापे आलेखावर मांडली की बहुधा घंटेच्या आकाराचीच रेषा का उमटते? पुस्तके न धुंडाळता त्याने स्वतःच त्याची सिद्धता शोधली. नंतर कळले, की लिंडेबर्ग नावाच्या फिनलंडच्या गणितज्ञाने ती १९२२ सालीच दिली होती. एखादा खचून गेला असता. ट्युरिंगने तोच प्रबंध कॉलेजपुढे ठेवला, आणि किंग्जच्या मंडळींनीही शोध पहिला की दुसरा हे न पाहता डोके कसे चालते ते पाहिले. १९३४ मध्ये तो सन्मानाने पदवीधर झाला होता. मार्च १९३५ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो कॉलेजचा फेलो झाला. परीक्षकांच्या या उदारपणाचे मोल फार मोठे आहे असे मला वाटते.

त्याच वसंतात मॅक्स न्यूमन यांच्या वर्गात त्याने हिल्बर्टचा प्रश्न ऐकला. कोणतेही गणिती विधान समोर ठेवले, तर ते सिद्ध होऊ शकते की नाही हे सांगणारी एखादी ठरावीक, यांत्रिक रीत असेल काय? यांत्रिक म्हणजे नेमके काय, येथूनच ट्युरिंगने सुरुवात केली. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. असा कारकून काय करतो? कागदावरचे एक चिन्ह पाहतो, नियम आठवतो, काही लिहितो वा खोडतो, आणि पुढे सरकतो. एवढेच करणारे यंत्र ट्युरिंगने कल्पिले: चौकटी आखलेली न संपणारी कागदी पट्टी आणि नियमांचे एक कोष्टक. ग्रँटचेस्टरच्या कुरणात पहुडला असता ही कल्पना सुचली, असे त्याने पुढे मित्राला सांगितले. दुसऱ्या कोणत्याही अशा यंत्राचे कोष्टक पट्टीवर लिहून दिले, तर त्याचे काम करून दाखवणारे एकच सर्वसमावेशक यंत्रही शक्य आहे, हे त्याने दाखवले. आजच्या संगणकाचे बीज ते हेच. हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आले. अशी रीत असूच शकत नाही.

येथेही दैवाने तोच खेळ केला. १९३६ मध्ये लेख तयार होतो न होतो तोच, अमेरिकेतील अलोन्झो चर्च निराळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचल्याचे कळले. तरीही लेख छापला गेला, कारण यंत्राची वाट सर्वस्वी नवी होती. न्यूमन यांच्या शिफारशीवरून तो त्याच चर्च यांच्याकडे प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला.

युद्धकाळात ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे एनिग्मा संदेश उकलण्यात त्याचा वाटा मोठा होता. पण ते सारे गुपित राहिले. १९४८ पासून तो मँचेस्टर विद्यापीठात प्रत्यक्ष संगणकावर काम करू लागला. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्याच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्याला संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निर्णय लागला. ब्रिटिश पंतप्रधानांनी सरकारतर्फे क्षमा मागितली ती २००९ साली.

मँचेस्टरला संगणकशास्त्राच्या पदवीचे पहिले विद्यार्थी १९६५ मध्ये आले. ट्युरिंगला जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.