नेपल्सचे संत डॉक्टर ज्युझेप्पे मोस्काती

शिक्षण पुरें होऊन पदवी हातीं आली म्हणजे तरुणाच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात: ही विद्या मला कोठवर नेईल, आणि ही विद्या कोणाच्या उपयोगीं पडेल? पहिल्या प्रश्नाच्या नादांत दुसरा विसरून जाणें फार सोपें आहे. तो दुसरा प्रश्न ज्यांनीं मरेपर्यंत नजरेआड होऊं दिला नाहीं, त्या संत ज्युझेप्पे मोस्काती यांचें चरित्र या जुबिलीच्या शुभप्रसंगीं स्मरणें उचित होय.

ज्युझेप्पे म्हणजे आपला योसेफ. त्यांचा जन्म इटलींतील बेनेव्हेंतो या शहरीं २५ जुलै १८८० रोजीं झाला. वडील न्यायाधीश होते. नऊ भावंडांत ज्युझेप्पे सातवे. पुढें हें कुटुंब नेपल्स शहरीं राहावयास आलें. भाऊ अल्बेर्तो लष्करांत असतां घोड्यावरून पडला व त्यास अपस्माराचे झटके येऊं लागले. ज्युझेप्पे त्याच्या उशाशीं तासन्‌तास बसत. रोग्याची शुश्रूषा ते अशा रीतीनें घरींच शिकले.

१८९७ सालीं ते वैद्यकीच्या अभ्यासास लागले आणि त्याच वर्षीं त्यांचे पितृछत्र हरपलें. १९०३ सालीं त्यांनीं सर्वोच्च सन्मानासह डॉक्टरची पदवी मिळविली. यकृतांत युरिया कसा तयार होतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. विद्वानांत नांव मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला होता. परंतु त्याबरोबरच त्यांनीं नेपल्सच्या इन्कुराबिली, म्हणजे असाध्य रोग्यांच्या, जुन्या रुग्णालयांत सेवा आरंभिली.

एप्रिल १९०६ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. पायथ्याशीं तोर्रे देल ग्रेको या गांवीं रुग्णालयाची एक शाखा होती व तेथें वृद्ध आणि पक्षघातानें पंगू झालेले रोगी होते. मोस्काती तिकडे धांवले व सर्वांस बाहेर काढावयास लावून स्वतः हातभार लाविला. शेवटचा रोगी बाहेर पडतो न पडतो तोंच राखेच्या भारानें छप्पर कोसळलें. पुढें त्यांनीं वरिष्ठांस पत्र लिहून मदतनिसांस बक्षीस देण्याची विनंति केली. आपलें नांव मात्र कोठेंहि येऊं नये, असें कळविलें.

१९११ सालीं कठीण स्पर्धापरीक्षेंत यश मिळवून ते रुग्णालयाच्या कायम सेवेंत आले. विद्यापीठांतहि त्यांची योग्यता मान्य झाली होती. तरीपण १९१७ सालीं प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांनीं आपण होऊन सोडला व ती जागा आपले मित्र गाएतानो क्वाग्लियारिएल्लो यांस मिळूं दिली. रुग्णालयाचें काम सुटूं नये, हेंच त्याचें कारण. हा त्याग लहान नव्हे. ज्यानें वर्षानुवर्षें रात्री जागून अभ्यास केला आहे, त्यासच त्याची किंमत कळेल. अध्यापन मात्र थांबलें नाहीं. विद्यार्थ्यांचा मेळा घेऊन ते रोग्यांच्या खाटांमधून फिरत व तेथेंच त्यांस शिकवीत.

विद्येच्या मर्यादेची जाणीव त्यांस घरांतच झाली होती. १९१४ सालीं त्यांची माता मधुमेहानें वारली. त्या काळीं त्या रोगावर खरें औषध नव्हतें. कांहीं वर्षांनीं इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हां नेपल्समध्यें तें प्रथम वापरणाऱ्या डॉक्टरांत मोस्काती होते. मातेस जें देतां आलें नाहीं, तें त्यांनीं परक्यांस दिलें. गरिबांकडून ते पैसा घेत नसत. उलट औषधाच्या चिठ्ठीबरोबर आपलेच पैसे ठेवून येत.

१२ एप्रिल १९२७ हा पवित्र सप्ताहांतील मंगळवार होता. सकाळीं त्यांनीं मिस्सा ऐकून ख्रिस्तशरीर स्वीकारलें, रुग्णालयांतील काम उरकलें व दुपारीं घरीं रोगी तपासले. मग थकवा वाटून ते खुर्चींत बसले आणि तेथेंच शांतपणें देवाघरीं गेले. वय अवघें ४६ वर्षांचें. पोप सहावे पॉल यांनीं १९७५ सालीं त्यांस धन्यवादित व पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २५ ऑक्टोबर १९८७ रोजीं संत म्हणून घोषित केलें. नेपल्सच्या जेझू नुओवो मंदिरांत त्यांचा देह विसावला आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कितीएक मुलेंमुली आज पदव्या घेऊन रुग्णालयांत, शाळांत व कचेऱ्यांत पहिलें पाऊल टाकीत आहेत. त्यांच्या आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन त्यांस शिकविलें आहे. समोर बसलेला मनुष्य गरीब असो वा अडाणी, आपली विद्या त्याच्याकरितांच आपल्या हातीं आली आहे, एवढी जाणीव त्यांस राहिली, तर त्या आईबापांचे कष्ट सफळ झाले असें समजावें. संत ज्युझेप्पे मोस्काती त्यांच्यासाठीं प्रभूजवळ विनंति करोत.