महर्षी कर्वे आणि बुद्धीची गंगाजळी

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्या समाजाने इतक्या सहजपणे पचविली आहे की, घरातील वृद्धाची स्मृती ढळू लागली तर त्यामागे एखादा रोग असू शकेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. आजोबा नातवाचे नाव विसरतात, आजी जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागते, रोजच्या वाटेवरचे घर सापडेनासे होते; आणि म्हातारचळ या एका शब्दाने सारे प्रकरण निकालात निघते. या म्हणीला एका मराठी माणसाने आपल्या १०४ वर्षांच्या आयुष्याने उत्तर दिले. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. अण्णासाहेबांचे चरित्र आपण समाजसुधारकाचे चरित्र म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. तथापि वृद्धत्व व मेंदू यांविषयी गेल्या चार दशकांत जे संशोधन झाले, त्याच्या प्रकाशात हे चरित्र पुन्हा वाचले तर त्यातून आजच्या महाराष्ट्राला, विशेषतः मराठवाड्याला, उपयोगी पडेल असा एक अर्थ हाती लागतो.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला गेले. घरची स्थिती बेताची आणि शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास पोहोचला. परंतु वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून त्याला परत पाठविण्यात आले. मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले ते १८८४ साली, म्हणजे वयाच्या २६व्या वर्षी. अलौकिक बुद्धिमत्तेचा गवगवा व्हावा असे या पूर्वार्धात काही नाही. संथ चालीने, न थकता पुढे जाणाऱ्या एका सामान्य विद्यार्थ्याची ती हकीकत आहे.

१८९१ साली पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्याने ती जागा रिकामी होती. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी या दांपत्यास वाळीत टाकले. वृद्ध मातेलाही त्याची झळ लागली. या अनुभवातून कर्वे यांनी एक व्यवहारी निष्कर्ष काढला. पुनर्विवाह झाला तर तो एका स्त्रीचा प्रश्न सोडवितो; शिक्षण मिळाले तर स्त्री आपला प्रश्न आपण सोडवू शकते. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली आणि १९०० साली आश्रम पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर गेला. कॉलेजातील तास आटोपून अण्णासाहेब हिंगण्याची वाट पायी तुडवीत आणि तेथे मुलींना शिकवीत. पुढे १९०७ साली महिला विद्यालय निघाले.

१९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. येथे सर्वसाधारण चरित्र संपावयास हरकत नव्हती. शासकीय सेवेतील असंख्य कारकून व शिक्षकांच्या हाती ज्या ५८व्या वर्षी निवृत्तीचा आदेश पडत आला आहे, त्या ५८व्या वर्षी, १९१६ साली, कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तिने मनात धरलेला विचार त्यांनी मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या संस्थेत उतरविला. आरंभी विद्यार्थिनी होत्या ५. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई यांचे नाव मिळाले. १९२९ ते १९३२ या काळात, सत्तरी ओलांडल्यानंतर, अण्णासाहेब युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे हिंडले. नव्या देशांत, नव्या माणसांपुढे आपले कार्य समजावून सांगत त्यांनी निधी गोळा केला. १९३६ साली, ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे ती काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केले. १९४४ साली, ८६व्या वर्षी, जातिभेद व विषमता यांच्याविरुद्ध समता संघ काढला. शंभरी पूर्ण झाली त्या १९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या दीर्घ उत्तरार्धाचा उलगडा कसा करावयाचा? दैवी देणगी म्हणून हात जोडणे सोपे आहे. परंतु विज्ञानाने या प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने पाहिले आहे. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने स्मृती हरवलेल्या एका स्त्रीचा मेंदू तिच्या मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आतील धाग्यांचे गुंते त्यास दिसले. पुढे या रोगास त्याचेच नाव मिळाले. त्यानंतर कित्येक दशके हा रोग निश्चित ओळखण्यासाठी मृत्यूची वाट पाहावी लागे. १९७१ साली सी.टी. स्कॅनने जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद दाखविले, एम.आर.आय.ने स्मृतीशी संबंधित असलेला भाग आक्रसत गेल्याचे मोजता येऊ लागले; आणि २००४ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी एका किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने, पेट या चित्रणात, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर हयात रुग्णाच्या मेंदूत पाहिल्याचे प्रसिद्ध केले.

आता रोगाचे चित्र स्वच्छ मिळेल, असे वाटले होते. प्रत्यक्षात एक कोडे पुढे आले. ज्यांची स्मृती शाबूत आहे, जे आपले व्यवहार चोख सांभाळतात, अशा अनेक वृद्धांच्या मेंदूतही हे थर दिसू लागले. शवविच्छेदनांतून अशी शंका १९८८ सालीच आली होती. १९९२ साली न्यूयॉर्क येथील याकोव स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्रण केले. लक्षणे सारखीच असलेल्या रुग्णांत अधिक शिकलेल्यांच्या मेंदूची हानी अधिक झालेली होती. याचा अर्थ असा की, तेवढी हानी होऊनही ते कमी शिकलेल्या रुग्णाइतकेच काम निभावीत होते. या क्षमतेस शास्त्रज्ञ बौद्धिक राखीव साठा म्हणतात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर चित्रणातून दिसतो तो घसारा. त्यास तोंड देणारी गंगाजळी चित्रात दिसत नाही. ती शाळेत, वाचनात, गुंतागुंतीच्या कामात आणि माणसांच्या सहवासात वर्षानुवर्षे साठलेली असते.

कर्वे यांच्या मेंदूचे चित्रण कधी झाले नाही. त्यामुळे त्यांच्याबाबत वैद्यकीय निदान करणे अप्रस्तुत ठरेल. शिवाय एका दीर्घायुषी पुरुषावरून नियम काढणे ही संख्याशास्त्रातील प्राथमिक चूक होईल. अनेक भाषांवर प्रभुत्व असलेले, मुंबईच्या कामगार चळवळीत गाजलेले जॉर्ज फर्नांडिस यांनाही या व्याधीने गाठले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन होण्यापूर्वीची कित्येक वर्षे ते सार्वजनिक जीवनातून नाहीसे झाले होते. गंगाजळी संकटाचा दिवस पुढे ढकलते, ते टळेलच अशी हमी देत नाही. म्हणून रोगी होणे हा कुणाच्या आळसाचा पुरावा मानणे अन्यायाचे आहे.

मग कर्वे यांच्या चरित्राचा या शास्त्राशी संबंध कोठे येतो? माझ्या मते तो त्यांच्या दीर्घायुष्यापेक्षा त्यांच्या कार्यात आहे. समाजाने ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्यानंतर शिक्षणास आरंभ केला, हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमविली आणि पुढे इंग्रजी शिकण्याच्या ध्यासाने थेट अमेरिका गाठली. शिक्षणामुळे स्त्रीला स्वावलंबन मिळेल, एवढाच त्या काळचा हेतू होता. त्याच शिक्षणाचे व्याज तिला वार्धक्यातही मिळत राहते, ही गोष्ट विज्ञानाने नंतर उघड केली.

भारतातील आकडे या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने देशभर वृद्धांची जी पाहणी चालते, तिच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ७.४ आहे, ही संख्या सुमारे ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत, आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आहे. १९५१च्या जनगणनेत देशातील शंभर स्त्रियांपैकी नऊही साक्षर नव्हत्या. अंबड तालुका तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे शाळा मोजक्या आणि वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आमच्या भागातील स्त्रिया त्या काळात जन्मल्या. वावरात आणि चुलीपाशी त्यांनी जन्मभर कष्ट उपसले, पण त्यांच्या नावावर बुद्धीची ही ठेव ठेवण्याचे कुणाला सुचले नाही. मुरूड आणि पुणे येथे जे कर्वे निपजले, ते गोदाकाठी उशिरा पोहोचले.

या अंधारात एक आशादायक गोष्टही आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा आरंभ सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात आढळले. आणि निरक्षरांतही हा लाभ दिसला. आमच्याकडील तांड्यावरची आजी घरात गोरमाटी बोलते आणि बाजारात मराठीत भाव करते. जुन्या पिढीतील कितीतरी माणसे मराठीबरोबर उर्दूतही सहज व्यवहार करीत. ज्यास आपण अडाणीपणा समजतो, त्यातही अशी शिल्लक दडलेली असते. बंगलोरच्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर भागात ग्रामीण वृद्धांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला असून त्यात मेंदूच्या चित्रणाचाही समावेश आहे. मराठवाड्यातही असा अभ्यास होणे अगत्याचे आहे.

तथापि यंत्रे येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली १४ कारणे नोंदविली आणि ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. त्यांत बालपणीचे अपुरे शिक्षण आहे, रक्तदाब व मधुमेह आहे, कमी ऐकू येणे आहे, एकटेपण आहे. यांपैकी एकासाठीही पेट यंत्राची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील नियमित तपासणी, श्रवणयंत्र, गावातील वाचनालयात वृद्धांसाठी राखलेली जागा, आणि सर्वांत आधी खेड्यातील मुलीची शाळा, ही त्यांवरची साधने आहेत. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा वाचलेल्या खर्चाचा हिशेब मांडला गेला. शाळा लांब गेल्यामुळे जी मुलगी घरी बसेल, तिच्या साठीनंतरचा खर्च त्या हिशेबात कुठेच नव्हता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब अपुरा आहे. कारण भांडवलाची बचत दाखविताना त्याने घसाऱ्याचे खातेच उघडलेले नाही.

अण्णासाहेब ७८व्या वर्षी शाळा नसलेली खेडी शोधीत होते. ज्या मुली त्या शाळांत शिकतील त्यांचे म्हातारपण पाहण्यास आपण असणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. गंगाजळी नेहमी अशीच जमते. ठेवतो एक आणि ती उपयोगी पडते दुसऱ्यास. आज अंबडच्या शाळेत पाटी घेऊन बसलेली मुलगी २०८० च्या सुमारास साठी ओलांडील. त्या वेळी तिची बुद्धी नाठी होते की शाबूत राहते, याचा काही अंशी निर्णय आपण आजच करीत आहोत.