मेंदूतल्या लाटा पाहणारा डॉक्टर

घरातलं माणूस शांत झोपलं की आपण दिवा मालवतो आणि समजतो, त्याच्या डोक्यातला कारभार आता सकाळपर्यंत बंद. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्था आपल्या उपनिषदांनी फार पूर्वीच वेगळ्या केल्या. पण झोपलेल्या मेंदूत काय चाललं आहे ते कागदावर दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं. माणसाच्या मेंदूची रेघ पहिल्यांदा उमटवणाऱ्या हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरची कहाणी मला त्याच्या शोधाइतकीच अस्वस्थ करते.

त्याचा जन्म २१ मे १८७३ चा, कोबुर्गजवळच्या नॉयसेसचा. वडील डॉक्टर. आईचे वडील म्हणजे आपलं नलदमयंती आख्यान जर्मन भाषेत नेणारा कवी फ्रीडरिख रुकर्ट. नातवाला मात्र ओढ ग्रहताऱ्यांची. त्यासाठी तो येनाच्या विद्यापीठात गेला, पण मन रमेना, म्हणून वर्षभर लष्करात राहिला. तिथे सरावाच्या वेळी घोडा उधळला आणि हा तोफगाडीच्या वाटेत पडला. चाक अगदी अंगाशी येऊन थांबलं. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. भाऊ संकटात आहे असं दूर घरी असलेल्या बहिणीला एकाएकी जाणवलं होतं आणि तिने हट्टाने ती तार करायला लावली होती!

आमच्या तोंडवलीत एखाद्याने देवाला नारळ ठेवून विषय मिटवला असता. बर्गरने तारे सोडले आणि वैद्यक धरलं. एका मनातलं दुसऱ्या मनाला कळतं ते कोणत्या शक्तीने, हे त्याला शोधायचं होतं.

१८९७ मध्ये तो येनाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला आणि १९१९ मध्ये त्याचा प्रमुख बनला. अबोल, काटेकोर, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात गाजावाजा न करता प्रयोग. मेंदूतला रक्तप्रवाह मोजून झाला, तापमान मोजून झालं. हाती काही लागेना. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे रिचर्ड केटनने लिव्हरपूलला १८७५ मध्येच दाखवलं होतं. माणसाचं काय? अखेर ६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेत कवटीचं हाड काढलेल्या १७ वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरून बर्गरला ती वीज टिपता आली.

दुसरा कोणी असता तर लगेच गावभर केलं असतं. बर्गर पाच वर्षं गप्प राहिला. ही हालचाल हृदयाची तर नव्हे? कातडीची, स्नायूंची तर नव्हे? आपल्या मुलाला, क्लाउसला, तो पुन्हा पुन्हा यंत्रासमोर बसवी. १९२९ मध्ये त्याने पहिला लेख छापला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे १० लाटा उठतात. डोळे उघडले की त्या विरतात. त्यांना त्याने अल्फा म्हटलं. त्यांचा जोर किती, तर टॉर्चमधल्या सेलच्या साधारण तीस हजाराव्या हिश्शाइतका.

जागेपणी आणि झोपेत ही रेघ वेगळी दिसते. तोंडवलीच्या चिंचोळ्या पट्टीवर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीच्या पाण्यावर बारीक, घाईच्या लहरी असतात, तर समुद्राची लाट सावकाश येते, पण उंच. जागा मेंदू खाडीसारखा असतो आणि गाढ झोपेतला मेंदू समुद्रासारखा! झोप जितकी खोल, तितक्या लाटा मंद आणि मोठ्या.

जर्मनीत फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा जग जागं झालं. अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस या श्रीमंत हौशी संशोधकाने सहकाऱ्यांसह रात्र रात्र झोपलेल्यांच्या रेघा काढून १९३७ मध्ये झोपेच्या पाच पायऱ्या मांडल्या.

आता नकोशी गोष्ट. बर्गर नाझींच्या छळाचा बळी होता, असं पुष्कळ वर्षं लिहिलं गेलं. पुढे कागदपत्रं तपासली गेली, तेव्हा वेगळंच दिसलं. सक्तीच्या नसबंदीचे निवाडे करणाऱ्या न्यायालयात तो बसला होता आणि एस.एस. संघटनेचा वर्गणीदार सभासदही होता. पाच वर्षं स्वतःच्या रेघेवर शंका घेणाऱ्या माणसाने सरकारी हुकमावर शंका घेऊ नये, हे मला पटत नाही. शोध थोर आहे म्हणून हे झाकावं, असंही वाटत नाही.

१९३८ मध्ये तो निवृत्त झाला. आपल्या लाटा इतक्या क्षीण आहेत की बहिणीच्या त्या जाणिवेचा उलगडा त्यांतून होत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. तरी १९४० मध्ये त्याने त्याच विषयावर एक पुस्तिका लिहिली. मन मात्र खचत गेलं आणि १ जून १९४१ रोजी त्याने येनातच आत्महत्या केली.

बारा वर्षांनी, १९५३ मध्ये, शिकागोच्या यूजीन असेरिन्स्कीने आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी झोपेविषयीचा गाजलेला निबंध छापला. त्याच्या प्रयोगांसाठी असेरिन्स्कीने आपल्या ८ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा जोडल्या होत्या. रात्री मधेच रेघ जाग्या माणसासारखी धावू लागली, बुबुळं सरासर हलू लागली. यंत्र बिघडलं असं वाटून तो आत पाहायला गेला, तर पोरगं गाढ झोपलेलं होतं.