शब्दांचा निरुपद्रवी हमाल

फॉपडूडल म्हणजे क्षुद्र, मूर्ख माणूस. जॉबरनाउल म्हणजे ठोंब्या. बेलीटिंबर म्हणजे शब्दशः पोटाचे लाकूड, अर्थात अन्न. बॅकफ्रेंड हा मित्र नव्हे, तो अस्तनीतला निखारा. आणि पिकथँक म्हणजे कोणी न सांगता पुढे पुढे करणारा, कानाशी लागणारा चोंबडा. ऐकूनच हसू यावे असे हे इंग्रजी शब्द डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात अर्थासह नोंदवून ठेवले. मात्र हा कोश सिद्ध होत असताना त्यांच्या घरात हसण्यासारखे फारसे काही नव्हते.

१७०९ साली लिचफिल्ड येथील एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच्या गंडमाळेने दृष्टी अधू केली, चेहऱ्यावर व्रण ठेवले. ऑक्सफर्डचे शिक्षण पैशांअभावी वर्षभरातच सुटले. पुढे काढलेली शाळाही चालली नाही. त्या शाळेतील एक विद्यार्थी, नंतरचा विख्यात नट डेव्हिड गॅरिक, याच्यासह १७३७ मध्ये त्यांनी लंडन गाठले आणि लेखणीवर गुजराण सुरू केली.

१७४६ मध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी १,५०० गिनींच्या मोबदल्यात कोशाचे काम त्यांच्याकडे सोपवले. काम तीन वर्षांत संपेल, असा जॉन्सन यांचा अंदाज होता, लागली नऊ. गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनीस बसत. जॉन्सन पुस्तके वाचून शब्दांवर खुणा करीत, मदतनीस ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. त्यांचे पगार अर्थातच त्याच १,५०० गिनींतून! कोशाची योजना ज्यांना अर्पण केली, त्या लॉर्ड चेस्टरफिल्ड यांनी वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहिले नाही. मार्च १७५२ मध्ये वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या पत्नी एलिझाबेथ निवर्तल्या. जॉन्सन खचले, काम मात्र सुटले नाही.

हा सारा कडवटपणा कोशात मिश्किलपणे उतरला. आश्रयदाता म्हणजे सहसा उर्मटपणे आधार देणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा हीन माणूस, असा अर्थ त्यांनी दिला. ओट हे धान्य इंग्लंडात घोडे खातात, स्कॉटलंडात माणसे, अशी कोपरखळी मारली. सहापैकी पाच मदतनीस स्कॉटिश असताना! नेटवर्क या सोप्या शब्दाचा अर्थ असा दिला, की तो समजण्यास पुन्हा कोश उघडावा. कोशकार म्हणजे निरुपद्रवी हमाल, हा टोला स्वतःलाच होता. घोड्याच्या पायाच्या एका भागाला चुकून गुडघा म्हटल्याबद्दल एका बाईंनी जाब विचारला, तेव्हा निव्वळ अज्ञान, असे त्यांनी सरळ कबूल केले.

बेचाळीस हजारांहून अधिक शब्दांचे दोन अवजड खंड १५ एप्रिल १७५५ रोजी प्रसिद्ध झाले. कीर्ती आली, पैसा नाही. पुढच्याच मार्चमध्ये पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी त्यांना अटक झाली. कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसन यांनी पैसे पाठवून सोडवले.

१७६२ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जने त्यांना वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन देऊ केले. अडचण एकच होती. इंग्लंडात निवृत्तिवेतन म्हणजे देशद्रोहाबद्दल सरकारी भाडोत्र्याला मिळणारा पैसा, असे त्यांनीच छापून ठेवले होते. ते घ्यावे की नाही, याबद्दल त्यांनी मित्रांचा सल्ला घेतला. ती व्याख्या तुम्हाला लागू नाही, असे मित्रांनी समजावले, आणि डॉक्टरांनी निवृत्तिवेतन स्वीकारले. विरोधकांनी मग ती व्याख्या त्यांना वारंवार ऐकवली.